क्रोमचा मुलामा आणि कामगाराचे नाक

छंदाला आपल्या चळवळीत फारसे मानाचे स्थान कधी मिळाले नाही. सभा, मोर्चे आणि अभ्यासवर्ग यांतून उरलेला वेळ एखादा कार्यकर्ता जुनी सायकल उघडून तिचे भाग घासण्यात घालवतो असे कळले, तर सहकारी त्याच्याकडे काहीशा सहानुभूतीने पाहतात. गृहस्थ थकला, असा त्या पाहण्याचा अर्थ असतो. प्रस्तुत लेखकाला ही दृष्टी मान्य नाही. ज्या समाजव्यवस्थेत काम म्हणजे दुसऱ्याच्या हुकमाने आणि दुसऱ्याच्या नफ्यासाठी केलेली मजुरी, त्या व्यवस्थेत माणूस स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या हातांनी आणि घड्याळाकडे न पाहता जे करतो, ते त्याच्या आयुष्यातील मोकळ्या श्रमाचे बहुधा एकमेव उदाहरण असते. म्हणून छंदाचा विचार गंभीरपणेच केला पाहिजे, आणि छंदातून दुसऱ्याच्या वाट्याला काय येते याचाही.

जुन्या वस्तू पूर्ववत करणाऱ्या हौशी मंडळींचा एक प्रश्न अलीकडे वरचेवर कानावर येतो. सायकलची घंटा, स्कूटरच्या आरशाची दांडी, रेडिओच्या बटणाभोवतालचे कडे, घरीच घडविलेल्या छोट्या वाफेच्या इंजिनाचे झाकण अशा लहानसहान भागांवर क्रोमचा मुलामा घरच्या घरी चढविता येईल काय? तांत्रिकदृष्ट्या उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागते, आणि अडचण तेथूनच सुरू होते.

आपण ज्याला क्रोम म्हणतो ती चकाकी खरे पाहता क्रोमची नसतेच. लोखंडाच्या किंवा पितळेच्या भागावर आधी तांब्याचा आणि मग निकेलचा थर चढवितात. गंजापासून संरक्षण आणि आरशासारखी झळाळी ही दोन्ही निकेलची कामगिरी. त्यावर शेवटी क्रोमियमचा जो पापुद्रा बसतो त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही पाव ते अर्धी. त्याने निकेल काळवंडत नाही आणि रंगात निळसर थंडपणा येतो, एवढेच. हा पापुद्रा चढविण्याची रूढ रीत म्हणजे दर लिटर पाण्यात सुमारे २५० ग्रॅम क्रोमिक आम्ल, त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतके गंधकाम्ल, शिशाचा धन ध्रुव, चाळीस-पंचेचाळीस अंश सेल्सियस उष्णता आणि भरपूर वीज. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील कॉलिन फिंक यांनी १९२० नंतरच्या दशकात ही रीत व्यापारी उपयोगात आणण्याजोगी केली, आणि तिचा मूळ सांगाडा शंभर वर्षांत फारसा बदललेला नाही.

आता थोडा हिशेब. शंभर चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाच्या एका घंटेवर ०.३ मायक्रॉन जाडीचा थर चढला, तर तिच्यावर बसलेल्या क्रोमियमचे वजन भरते सुमारे वीस मिलिग्रॅम. ती घंटा बुडेल एवढे, म्हणजे दोन लिटर द्रावण घरी करायचे, तर त्यात क्रोमियम असते २६० ग्रॅम. वापरलेल्या धातूच्या बारा हजार पट धातू बरणीत शिल्लक राहतो, आणि तो राहतो त्याच्या सर्वांत घातक रूपात. रसायनशास्त्रात ज्याला षट्संयुजी क्रोमियम म्हणतात त्या रूपात. हौस भागल्यावर या बरणीचे काय करायचे? पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे असे भारतीय मानक सांगते. बरणीतील केवळ एक लिटर द्रावण त्या मर्यादेपर्यंत पातळ करावयाचे झाल्यास २६ लाख लिटर पाणी लागेल. ज्या राज्यात दर उन्हाळ्यात गावे दहा हजार लिटरच्या टँकरची वाट पाहत बसतात, तेथे हा आकडा टँकरांतच सांगितलेला बरा. २६० टँकर. एका घंटेसाठी!

बरणी हा धोक्याचा दिसणारा भाग झाला; न दिसणारा भाग अधिक वाईट आहे. क्रोमच्या टाकीतून जाणाऱ्या विजेपैकी फार तर शंभरातील पंधरा-वीस भाग धातू बसविण्याच्या कामी येतात. उरलेली वीज पाण्याचे विघटन करते, हायड्रोजनचे असंख्य बुडबुडे पृष्ठभागावर येऊन फुटतात, आणि प्रत्येक बुडबुडा फुटताना आम्लाचा सूक्ष्म तुषार हवेत सोडतो. तो श्वासावाटे नाकात जातो. नाकाच्या मधल्या पडद्यावर आधी खपली धरते, मग व्रण होतो, आणि पुढे पडद्याला आरपार भोक पडते. हे भोक बहुधा दुखत नाही. काही वेळा श्वास घेताना शीळ घातल्यासारखा आवाज येतो म्हणून तेवढे कळते. हातांवरच्या किरकोळ ओरखड्यांतून द्रव्य शिरले की खोलगट, न भरणारे व्रण होतात. आणि वर्षानुवर्षांच्या श्वसनातून फुप्फुसाचा कर्करोग होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये षट्संयुजी क्रोमियमची संयुगे माणसात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांच्या वर्गात घातली.

मुलामा आणि कल्हई हे शब्द आपल्या भाषेत जुने आहेत. कल्हईवाला दारासमोर भाता लावून बसे, नवसागराचा पांढरा धूर उठे, त्याचा वास आळीभर पसरे, आणि तो धूर कोणाच्या छातीत जातो हे पातेले आणून देणाऱ्या गृहिणीला समोर दिसत असे. त्याबद्दल ती काही करीत होती असे नव्हे. पण निदान तिला ते दिसत होते. क्रोमचा ग्राहक आणि क्रोमची टाकी यांच्यामध्ये आता दुकानदार, सुटे भाग करणारा कारखाना, त्याचा जॉबवर्क घेणारा आणि त्याच्याकडून पोटठेका घेणारा अशा चार भिंती उभ्या आहेत.

हौशी माणूस सुज्ञ असेल तर एवढे वाचून घरी क्रोम करण्याचा बेत सोडून देईल. घरात लहान मुले आहेत, खाली शेजाऱ्यांची विहीर किंवा कूपनलिका आहे, मोरीचे पाणी नाल्यात जाते. त्याचा निर्णय योग्यच. पण मग तो काय करतो? घंटा कागदात गुंडाळून औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्लीतल्या प्लेटिंगवाल्याकडे नेऊन देतो. चार दिवसांनी ती लखलखीत होऊन परत येते आणि चहापाण्याच्या खर्चात काम झाले याचे त्याला समाधान वाटते. जे काम स्वतःच्या घरी एक तास करण्यास तो धजावला नाही, ते काम त्या गल्लीतला कोणी एक तरुण दिवसाचे आठ-दहा तास, आठवड्याचे सहा दिवस करीत असतो. घरातला धोका घराबाहेर गेला. तो नाहीसा झालेला नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवे काही नाही. पिगू यांनी १९२० मध्ये खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील फरक दाखवून दिला. पण त्यांच्या मांडणीत तो बाजारातील एक दोष होता, कर बसवून दुरुस्त करता येण्यासारखा. विल्यम काप यांनी १९५० मध्ये अधिक कडवे उत्तर दिले. दुसऱ्यावर खर्च ढकलणे ही उद्योगाची अपवादात्मक चूक नव्हे, नफ्याच्या हिशेबाचा तो नेहमीचा भागच आहे, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार. प्लेटिंगवाल्याच्या बिलात बफिंगची मजुरी असते, निकेल असते, वीज असते. वाफ ओढून घेणाऱ्या पंख्याची किंमत आणि धुण्याच्या पाण्यातील विष निकामी करण्याचा खर्च सहसा नसतो. तो खर्च होतच नाही असे नाही. तो कामगाराच्या नाकाच्या पडद्यात आणि गावाच्या भूजलात होतो, म्हणून त्याची पावती फाडली जात नाही.

याचा इतिहास समाजवादी चळवळीच्या इतिहासाशी जोडलेला आहे, हे फार थोड्यांच्या स्मरणात असेल. ग्लासगोजवळ रदरग्लेन येथील शॉफील्डमध्ये जे. अँड जे. व्हाइट या कंपनीचा बायक्रोमेटचा मोठा कारखाना होता. मालक लॉर्ड ओव्हरटून हे ख्यातनाम दानशूर आणि धर्मनिष्ठ गृहस्थ. रविवार हा देवाचा वार असल्याने त्या दिवशी ग्लासगोत ट्राम धावू नयेत या मताचे. त्यांच्या कारखान्यातील मजूर मात्र दिवसाचे बारा तास आणि आठवड्याचे सातही दिवस राबत, रविवारसुद्धा. कारखान्यातील धुळीने त्यांच्या नाकांचे पडदे कुरतडले जात आणि कातडीला भोके पडत. १८९९ मध्ये कीअर हार्डी यांनी आपल्या ‘लेबर लीडर’ या साप्ताहिकातून हे प्रकरण बाहेर काढले आणि ‘व्हाइट स्लेव्हज’ या नावाची पुस्तिका काढली. मालकाच्या आडनावावर केलेली ती कोटी होती. गदारोळ झाला, धर्मोपदेशक खवळले, कारखान्यात काही सुधारणा कराव्या लागल्या. कारखाना १९६७ मध्ये बंद पडला. त्याने भराव म्हणून टाकलेला क्रोमियमयुक्त कचरा ग्लासगोच्या आग्नेय भागातील जमिनीत अजून आहे.

त्यानंतर १९३६ मध्ये जर्मनीने क्रोमेट कामगारांचा फुप्फुसाचा कर्करोग व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य केला. १९७५ मध्ये टोकियोत एका रसायन कंपनीच्या क्रोमियम कचऱ्याचे आणि तिच्या कामगारांच्या भोके पडलेल्या नाकांचे प्रकरण गाजले. हे सर्व क्रोमेट तयार करणारे मोठे कारखाने होते, प्लेटिंगची दुकाने नव्हेत, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप खरा आहे. पण प्लेटिंगच्या टाकीत असते ते याच कुळातले द्रव्य, आणि ब्रिटनने क्रोमियम प्लेटिंगसाठी स्वतंत्र नियम १९३१ मध्येच केले होते, ते हौस म्हणून नव्हे.

आपल्याकडे कायदा नव्हता असेही नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने क्रोममुळे होणारा व्रण हा सरकारला कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत घातला. महाराष्ट्राच्या १९६३ च्या नियमांत क्रोमिक आम्लाचे प्लेटिंग धोकादायक प्रक्रिया म्हणून नोंदले गेले. टाकीवरची वाफ ओढून घेणारी यंत्रणा, पाणी न झिरपणारी जमीन, रबरी हातमोजे व बूट, ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी हे सारे त्या योजनेत होते. परंतु कारखाना म्हणजे वीज वापरून दहा किंवा अधिक कामगार काम करतात ती जागा, अशी मूळ व्याख्या होती, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती मर्यादा वीस कामगारांवर नेली. चार टाक्या आणि सहा माणसे असलेले दुकान या चाळणीतून सहज खाली पडते. लहान जागांनाही नियम लावण्याचा अधिकार १९४८ च्या कायद्याने राज्य सरकारांना दिला होता. अधिकार असणे आणि निरीक्षक त्या गल्लीत पोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे वाचकांस सांगायला नको. हवेतील प्रमाणाबाबतही तेच. त्या कायद्याच्या अनुसूचीत पाण्यात विरघळणाऱ्या क्रोमेटसाठी घनमीटरमागे ०.०५ मिलिग्रॅम ही मर्यादा होती; अमेरिकेने २००६ मध्ये ती आपल्या कामगारांसाठी ०.००५ वर, म्हणजे दहाव्या हिश्श्यावर आणली. आपल्या कामगाराचे नाक दहापट मजबूत असल्याचा पुरावा कोठे उपलब्ध नाही.

येथे आपल्याच विचारपरंपरेला एक अप्रिय प्रश्न विचारणे भाग आहे. लोहियांनी छोट्या यंत्रांचा आग्रह धरला, आणि भांडवलाच्या केंद्रीकरणाला उत्तर म्हणून लघुउद्योगाची बाजू आपण सातत्याने घेतली. ती भूमिका चुकीची होती असे मला वाटत नाही. पण लहान म्हणजे निर्दोष असे एक भाबडे समीकरण तिच्या आडोशाने रुजले. मोठ्या कारखान्याच्या दारात लाल बावटा लागतो, तेथील धुराचे छायाचित्र निघते. मागच्या गल्लीतील टाकीचा मालक स्वतःच अर्धा कामगार असतो, त्याच्याविरुद्ध बोलणे आपल्याला जड जाते. आणि विषाचे गणित मालकाच्या वर्गावर अवलंबून नसते. उलट टाकी जितकी लहान, तितका दर नगामागे शुद्धीकरणाचा खर्च अधिक, आणि म्हणून तो टाळण्याचा मोहही अधिक. दोष त्या लहान मालकाच्या स्वभावाचा नाही. त्याला नगामागे पैशांच्या भावात काम देणाऱ्या वरच्या साखळीचा आहे. प्लेटिंगच्या विषाची जबाबदारी कायद्याने माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीवर टाकल्याखेरीज खालच्या टाकीवर पंखा बसणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हौशी माणसाने तोवर काय करावे? पहिली गोष्ट, क्रोम हवेच कशाला, हे स्वतःला विचारावे. व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली तेव्हा क्रोमची चकाकी बाजारात आलेलीच नव्हती. त्यापूर्वीच्या सायकली, दिवे, शिवणयंत्रे, टंकलेखन यंत्रे यांवरील चकाकी निकेलची असे. किंचित पिवळसर, उबदार, मऊ. तशा वस्तूवर क्रोम चढविणे म्हणजे जुन्या वाड्याच्या सागवानी खांबाला ऑइलपेंट फासण्यासारखे आहे. जाणकार संग्राहक ते लगेच ओळखतो.

निकेल मात्र घरी करता येते, आणि पुष्कळ हौशी लोक ते करतात. शुद्ध निकेलच्या दोन पट्ट्या, पांढरे व्हिनेगर, अगदी थोडे मीठ आणि पाच-सहा व्होल्टचा एकदिश वीजप्रवाह एवढ्यावर हिरवट द्रावण तयार होते. मग नीट घासून, तेलाचा अंशही न ठेवता धुतलेला भाग ऋण टोकाला आणि निकेल धन टोकाला लावायचे. विद्युत्प्रवाह मंद ठेवावा. निकेलचे क्षारही निरुपद्रवी नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे: त्यांनी कातडीला वावडे उठते, आणि १९९० च्या त्याच निर्णयात निकेलची संयुगेही कर्करोगकारक ठरली होती. पण निकेलच्या चांगल्या द्रावणात बहुतेक वीज धातू बसविण्यातच खर्च होते, बुडबुडे थोडे, तुषारही थोडा. हातमोजे, उघडी हवा, स्वयंपाकघरापासून दूर जागा आणि उरलेले द्रावण मोरीत न ओतणे एवढी शिस्त पाळावी. प्लास्टिकच्या प्रतिकृतींना तर विजेची गरजच नाही. चंदेरी पातळ पत्रा चिकटवून किंवा आरशासारखा रंग लावून काम उत्तम भागते.

एक सापळा मात्र येथे आवर्जून सांगितला पाहिजे, कारण त्यात भलेभले अडकतात. निकेलची पट्टी मिळाली नाही म्हणून, किंवा विजेने गंज काढण्याच्या सोप्या कृतीसाठी, घरातला स्टेनलेस स्टीलचा जुना चमचा किंवा डबा धन ध्रुव म्हणून बुडविला जातो. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असते. धन टोकाला ते विरघळू लागते आणि ज्या षट्संयुजी विषापासून आपण दूर राहू पाहतो, तेच बादलीत तयार होऊ शकते. द्रावणाला पिवळी-केशरी झाक दिसते ती सगळी गंजाची असतेच असे नाही. गंज काढण्यासाठी साधे लोखंड वापरावे, आणि पाण्यात मिठाऐवजी धुण्याचा सोडा. मीठ अधिक झाले तर क्लोरीन सुटतो.

ज्याला क्रोमच हवे त्याच्यासाठी, आणि कारखान्यांसाठीही, दुसरी वाट गेली पन्नास वर्षे उपलब्ध आहे. त्रिसंयुजी क्रोमियमच्या टाक्या १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून व्यापारी वापरात आहेत. द्रव्य महाग, नियंत्रण अधिक काटेकोर, रंग पूर्वी थोडा काळसर येई. पण विषारीपणात जमीन-अस्मानाचा फरक. तरीही जुनी टाकी स्वस्त राहिली तोवर बाजार तिच्याकडेच राहिला. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१७ पासून क्रोमिक आम्लाच्या वापराला विशेष परवानगीची अट घातली. कॅलिफोर्नियाने शोभेच्या कामासाठीचे षट्संयुजी प्लेटिंग २०२७ च्या प्रारंभापासून बंद करण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेतला. आधी कायदा, मग तंत्रबदल, असा हा क्रम आहे. मधल्या काळात तुषार दाबण्यासाठी टाकीत फेस आणणारी जी रसायने वापरली गेली, त्यांतील एक प्रमुख रसायन निसर्गात विघटनच न पावणारे निघाले आणि २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले. विषावर उतारा म्हणून दुसरे विष, अशीही प्रगती होते.

प्लेटिंगच्या दुकानात घंटा घेऊन जाणाऱ्या आपल्या वाचकाला दोन प्रश्न विचारता येतील. टाकी त्रिसंयुजी आहे काय, आणि टाकीच्या काठावर वाफ ओढणारा पंखा चालू आहे काय? एकट्याने विचारले तर मालक हसेल. गावातील हौशी मंडळींनी वर्षभराचे काम एकत्र करून, त्रिसंयुजी टाकी ठेवणाऱ्या दुकानालाच ते देऊ असे सांगितले, तर तो हसणार नाही. पैसे थोडे अधिक पडतील, ते द्यावेत.

आणि कामगार आघाडीच्या शाखांनी करण्याजोगे एक काम आहे, ज्याला ना मोठा निधी लागतो ना ठराव. कान-नाक-घशाचा एक डॉक्टर, एक विजेरी आणि नाकपुडी उघडून पाहण्याचा साधा चिमटा एवढ्यावर शंभर जणांची तपासणी एका सकाळी होते. पडद्यावर खपली किंवा व्रण दिसला तर त्याची तारखेनिशी नोंद करावी, हातांचेही व्रण पाहावेत, आणि कामगाराला नोंदीची प्रत द्यावी. भरपाईचा दावा पुढे केव्हाही उभा राहिला तर त्याच्याजवळ असा एक तरी कागद असला पाहिजे. दुकानात जाऊन तपासणी करू दिली जाणार नाही. पुणे-पिंपरीच्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी सकाळी ही माणसे वस्तीत भेटतील.